टफन केलेली काच न फोडता तपासायची कशी?

साधी काच आणि टफन केलेली काच शेजारी उभी करा, डोळ्यांना दोन्ही सारख्याच. कोपऱ्यावर शिक्का असतो खरा, पण त्याच्यावर विसंबायचं तर कारखान्याच्या शब्दावर विसंबायचं. हुकमी परीक्षा एकच, काच फोडून बघण्याची. युरोपीय मानकानुसार 4 ते 12 मिलिमीटर जाडीच्या फ्लोट काचेच्या चुऱ्यात 50 बाय 50 मिलिमीटरच्या चौकोनात किमान 40 तुकडे भरले पाहिजेत. अडचण उघड आहे: तपासलेली काच बसवता येत नाही आणि बसवायची ती तपासलेली नसते.

टफन करताना काच 620 अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. वरचा थर आधी घट्ट होतो. गाभा मागाहून थंड होत आकसू पाहतो आणि त्या थराला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, तर गाभा ताणाखाली. भेग पडायला काच ताणली जावी लागते. इथे आधी हा दाब फिटावा लागतो, म्हणून ताकद वाढते. अमेरिकी मानकात पूर्ण टफन काचेच्या पृष्ठभागावर किमान 69 मेगापास्कल दाब लागतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 700 किलो. 24 ते 52 च्या दरम्यान असेल तर ती ‘हीट स्ट्रेंग्थन्ड’ काच, आणि ती फुटते मोठमोठ्या तुकड्यांत.

दाबाखालच्या काचेत प्रकाशाचा वेग दिशेनुसार थोडा बदलतो, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. मग ध्रुवित प्रकाश काचेतून आरपार सोडून दाब का मोजू नये? कारण तो प्रकाश वाटेत दाबाचा थर, ताणाचा गाभा आणि पुन्हा दाबाचा थर असे तिन्ही ओलांडतो, आणि त्यांची बेरीज शून्य येते. पोलराइज्ड गॉगल लावून मोटारीच्या मागच्या काचेकडे पाहिलं की ठिपके दिसतात, ते झोत सगळीकडे सारखे न लागल्याचे. त्यावरून पृष्ठभागावर दाब किती, हे सांगता येत नाही.

तेव्हा प्रकाश आरपार न नेता पृष्ठभागालगतच पळवायला हवा. ही सोय फ्लोट काचेत आयतीच झालेली असते. ही काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते आणि त्या बाजूला थोडं कथील काचेत मुरतं. काही मायक्रॉनच्या त्या थराचा अपवर्तनांक आतल्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून तिरप्या कोनात शिरलेला प्रकाश त्या थरातच अडकून पुढे सरकतो. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच: मोजमापाची वाट उत्पादनातल्या एका डागाने करून दिली आहे.

म्हणून आधी कथलाची बाजू शोधायची. 254 नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला की ती बाजू दुधाळ चमकते. ती पुसून घ्यायची, योग्य अपवर्तनांकाच्या द्रवाचा थेंब टाकायचा आणि त्यावर दाब मोजणाऱ्या उपकरणाचा लोलक टेकवायचा. थेंबात बुडबुडा राहिला तर प्रतिमाच फुटते. लेसरचा ध्रुवित किरण लोलकातून त्या थरात उतरतो, थोडं अंतर कापतो आणि पुन्हा लोलकातून बाहेर पडतो. जो प्रकाश जास्त अंतर जाऊन निघतो, त्याच्या एकमेकांना काटकोनात कंपन करणाऱ्या दोन घटकांत जास्त फरक पडलेला असतो. 100 मेगापास्कल दाबाला या दोन घटकांच्या अपवर्तनांकांतला फरक जेमतेम 0.00026 असतो, पण वाटेवर तो साचत जातो. पुढे क्वार्ट्झची पाचर असते. तिच्यामुळे हा फरक नेत्रिकेत काळ्या-उजळ समांतर पट्ट्यांच्या रूपात दिसतो. काचेत दाब असेल तर पट्टे कलतात, आणि जितका दाब जास्त तितका कल जास्त.

हा कल कोनमापकाने वाचायचा, त्याची स्पर्शज्या घ्यायची आणि उपकरणाच्या स्थिरांकाने गुणायची. कल मोठा झाला की हात सांभाळावा लागतो. 75 ऐवजी 76 अंश वाचले, तर उत्तर सात टक्क्यांहून अधिक फुगतं. म्हणून रेघ पट्ट्यांना लावायची, हटवायची, पुन्हा लावायची आणि सरासरी धरायची.

आणखी एक खुबी: प्रकाश ज्या दिशेने जातो, तिच्या आडव्या दिशेचाच दाब त्याला जाणवतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी उपकरण 90 अंशांत फिरवून दुसरं वाचन घेतात, आणि मधोमधच्या एका जागेवर न थांबता तावदानभर अनेक ठिकाणी मोजतात. एकाच आकड्यावर माल पास करणाऱ्याने थंड हवेचे झोत कसे लागतात ते पाहिलेलं नसावं.

कथील नसलेल्या बाजूवर मात्र हे उपकरण चालत नाही. तिथे काचेत तिरपा लेसर सोडून त्याचा विखुरलेला प्रकाश वाचणारी उपकरणं वापरतात. एस्टोनियातल्या टालिनमध्ये त्यावर बरंच काम झालं आहे. त्यांत पृष्ठभागच नव्हे, तर खोलीनुसार दाब कसा उतरत जातो आणि ताण कुठून सुरू होतो, तेही समजतं.