वाटाण्याच्या ९६० फ्रेम

बोरिवलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीने खिडकीतल्या कुंडीत वाटाणा पेरला, फोनवर टाइमलॅप्स लावला आणि तिसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला. तिला काय सांगावं? दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा सांगा.

गोरेगावच्या चित्रनगरीला ज्यांचं नाव आहे, त्या फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्यावर कॅमेरा रोखला. महिनाभराच्या खटाटोपातून ‘अंकुराची वाढ’ हा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट झाला. लाइपझिगच्या विल्हेल्म प्फेफर यांनी १९००च्या सुमारासच रोपांची हालचाल अशी टिपली होती. पण प्रयोगशाळा पाठीशी असणं वेगळं आणि घरची कुंडी वेगळी.

फाळके रोज एक फ्रेम घेत, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. मूकपट सेकंदाला साधारण १६ फ्रेमच्या वेगाने चाले. महिन्याच्या ३० फ्रेम दोन सेकंदांत संपल्या असत्या! मिनिटाला ९६० हव्यात, म्हणजे दिवसाला ३२; बारा तासांच्या उजेडात दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. शिवाय वाटाण्याचे तणावे आधार शोधत हवेत गोल फिरतात, एकेक फेरी दीड-दोन तासांची. दिवसाला एकच फ्रेम घेतली तर हे फिरणं दिसणारच नाही. त्या दंतकथेने फाळक्यांची मेहनत बत्तीस पटींनी कमी केली आहे.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची मेहनत तर कोणी मोजलीच नाही. कोरी फिल्म तेव्हा कडेच्या भोकांविना येई. फाळक्यांच्या घरी ती भोकं अंधारात, हाताच्या अंदाजाने त्या पाडत. फिल्म धुण्याचं कामही शिकल्या होत्या. भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र थरथरणार. भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण हवं.

या मेहनतीचं चीजही झालं: हा वाटाणा पाहूनच छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी फाळक्यांना चित्रपटासाठी कर्ज दिलं.

तर मुलीला सांगा, दर वीस मिनिटांनी एक फोटो पुरे. फोन चिकटपट्टीने पक्का बसवा आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर फोन दर वेळी उजेड आपल्या मनाने ठरवेल आणि चित्र लुकलुकेल. कोंब मातीवर यायलाच आठवडा लागू शकतो. तोवर फक्त माती दिसेल. तीही टिपायची.