लिंबायत : सुरतेतील खानदेश

सुरत हे नाव मराठी माणसाला प्रथम भेटते ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात. १६६४ आणि १६७० या दोन सालांशी ते कायमचे जोडले गेले आहे. गुजरातेतील मराठी वस्तीचा विषय निघाला, की आठवण होते ती बडोद्याची. गायकवाडांच्या दरबारची, तेथील विद्वानांची आणि ग्रंथसंग्रहांची. परंतु २०११ च्या जनगणनेत गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे जे नऊ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले, त्यांतील फार मोठा वर्ग दरबाराशी किंवा ग्रंथालयाशी संबंध नसलेला आहे. तो यंत्रमागावर उभा असतो, कापडाचे गठ्ठे वाहतो, साडीला लेस शिवतो. या वर्गाचे जीवन जवळून समजून घ्यावयाचे असेल, तर सुरतेच्या लोहमार्गाच्या पूर्वेस वसलेल्या लिंबायत या भागाकडे पाहिले पाहिजे.

लिंबायत हे एके काळी शहराबाहेरचे लहानसे गाव होते. सुरत वाढत गेली आणि तिने हे गाव पोटात घेतले. या वाढीचा वेग असाधारण होता. १९६१ साली सुरतेची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. २०११ साली ती सुमारे पंचेचाळीस लाख झाली. नगराच्या हद्दी वेळोवेळी वाढविल्या गेल्या हे त्याचे एक कारण खरे; तथापि मुख्य कारण म्हणजे बाहेरून कामासाठी आलेली माणसे. महानगरपालिकेचा जो आग्नेय विभाग लिंबायत विभाग म्हणून ओळखला जातो, त्याचे क्षेत्रफळ त्या जनगणनेच्या वेळी सुमारे साडेएकोणीस चौरस किलोमीटर होते आणि त्यात साडेसात लाखांच्या आसपास लोक राहत होते. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये अडतीस हजारांहून अधिक माणसे. संपूर्ण शहराची सरासरी याच्या जवळजवळ एक तृतीयांश होती. कोटातील जुने शहर सोडले, तर सुरतेत याहून दाट विभाग नव्हता. हाच हिशेब उलटा मांडला, तर माणशी सुमारे सव्वीस चौरस मीटर जागा येते. आणि तीत रस्ते, शाळा, दुकाने, कारखाने, ओढे, सारे काही आले.

एवढ्या दाटीने माणसे का राहतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. दारिद्र्य हे त्याचे सोपे उत्तर झाले. पण ते अपुरे आहे. याच माणसांच्या गावी घरापुढे अंगण असते, मागे परसू असते. ते सोडून ती येथे येतात, याचे कारण कामाच्या वेळापत्रकात शोधावे लागते. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला ‘खाते’ म्हणतात. खात्यातील पाळी सर्वसाधारणपणे बारा तासांची असते. सकाळी सातला एक तुकडी आत जाते, संध्याकाळी सातला दुसरी तिची जागा घेते. एका कारागिराकडे एकाच वेळी अनेक माग असतात. कुठे धागा तुटला, कुठे कांडी संपली, इकडे सतत लक्ष ठेवून तो बारा तास उभा असतो, आणि त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. माग बंद पडला, वीज गेली किंवा सूत आले नाही, तर त्या वेळेची मजुरी बहुधा बुडते. अशा माणसाला जाण्यायेण्यात आणखी दोन तास घालविणे परवडत नाही. खात्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घर असणे ही त्याची पहिली गरज ठरते. यंत्रमागांचे पट्टे, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि रिंग रोडवरील कापडबाजार या सर्वांना लिंबायत जवळ पडते. ही जवळीक मिळविण्यासाठी तेथील रहिवासी आपली मोकळी जागा सोडून देतात. लिंबायतची दाटी म्हणजे कामाजवळ राहण्यासाठी मोजलेली किंमत होय.

सुरतेला कापडाचा वारसा जुना आहे. तेथील जर आणि रेशीम शतकानुशतके प्रसिद्ध होते. स्वातंत्र्योत्तर काळात कृत्रिम रेशमाचा आणि पुढे नायलॉन व पॉलिस्टर धाग्यांचा प्रसार झाला, तशी घरोघरचे हातमाग जाऊन यंत्रमागांची खाती उभी राहिली. त्याच सुमारास तापीच्या वरच्या अंगाला खानदेशात वेगळे घडत होते. कोरडवाहू शेतीवर वाढत्या कुटुंबाचे पोट भरेना. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील असंख्य शेतकऱ्यांचा शेतीवरचा भरवसा उडविला. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे येथील कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मुंबईत १९८२ साली गिरणीकामगारांचा संप झाला आणि त्यानंतर मुंबईची वाटही पूर्वीसारखी राहिली नाही. खानदेशातील तरुण मग पश्चिमेकडे वळला.

त्या दिशेला वाट तयारच होती. ताप्ती व्हॅली रेल्वेने १९०० साली सुरत आणि अमळनेर जोडले. पुढील काळात उधना–जळगाव या नावाने ओळखला गेलेला हा सुमारे तीनशे किलोमीटरचा मार्ग मुळात प्रामुख्याने कापूस आणि धान्य वाहण्यासाठी उपयोगी पडला; नंतर तो माणसे वाहू लागला. जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार या स्थानकांवर गाडीत बसलेला प्रवासी काही तासांत सुरतेला उतरतो. वाटेत नवापूर लागते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत गेला. फलाटावरील एका बाकावरून ही सीमारेषा जाते, याचे बाहेरच्या प्रवाशाला कौतुक वाटते. सुरतेला नेहमी ये-जा करणारा खानदेशी मात्र तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. त्याच्या दृष्टीने हा एकच मुलूख आहे. एका टोकाला शेत, दुसऱ्या टोकाला माग.

अंतर थोडे असल्याचा परिणाम वस्तीच्या घडणीवरही झाला. सुरतेच्या मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले कामगारही फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे गाव दीड हजार किलोमीटरहून दूर. त्यामुळे त्यांतील पुष्कळजण एकटेच येतात, एका खोलीत अनेकजण मिळून राहतात, खानावळीत जेवतात. दिवसपाळीचा माणूस कामाला गेला की रात्रपाळीचा त्याच जागी झोपतो. सुरत जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या अवघी ७८७ भरली, त्याचे मोठे कारण अशा एकट्या पुरुषांत आहे. खानदेशी माणूस त्यामानाने कुटुंब घेऊन येऊ शकला. आधी एक भाऊ यावयाचा, मग त्याची बायको, मग धाकटा भाऊ, मेहुणा, भाचा. नव्याने आलेल्याला खात्यात लावून देणे, पहिले दोन महिने जेवूखाऊ घालणे, खोलीच्या मालकाकडे त्याची हमी घेणे ही कामे नातलगांनी केली. कोणत्याही कचेरीशिवाय चाललेली ही व्यवस्था सुरतेच्या कारखानदारीला फुकट मिळाली.

शेतजमिनीचे लहान लहान तुकडे पाडून विकलेल्या ‘सोसायट्यां’तून या कुटुंबांनी घरे बांधली. दर्शनी भाग अरुंद, खोली लांबट, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतीला भिडलेल्या. तळमजल्यावर दुकान किंवा भरतकामाची यंत्रे, वर मालकाचे बिऱ्हाड, त्यावर भाड्याची खोली, अशी रचना नेहमी आढळते. भाड्याची ती खोली हेच अनेक घरांचे म्हातारपणीचे निवृत्तिवेतन असते. बाईचा दिवसही कामाविना जात नाही. साड्यांचे सुटे धागे कापणे, लेस लावणे, टिकल्या व खडे चिकटविणे ही कामे बाजारातून गठ्ठ्याने घरी येतात आणि नगावर मजुरी मिळते. ओटा हाच तिचा कारखाना. हे उत्पन्न घरखर्चात भर घालते. मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव कोठेही नसते.

अशा श्रमाच्या चाकोरीत संस्कृती टिकते ती सणांच्या आधाराने. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. घरातील माणसे मोजून त्यांच्या नावाने गहू घ्यावयाचे, त्याचे ‘रोट’ करावयाचे, रात्री जागरण, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. हा सण महाराष्ट्राच्या इतर भागांतही फारसा परिचित नाही. परंतु लिंबायत, दिंडोली, उधना या भागांत तो गल्लोगल्ली दिसतो. सुरतेत विसर्जन होते ते तापीतच. जी नदी भुसावळ, नंदुरबारच्या प्रदेशातून वाहत आली, तिच्याच काठी हा विधी पुरा होतो. घरातील बोलणे अहिराणीत चालते. मराठीतील ‘आहे’साठी अहिराणीत ‘शे’ आणि गुजरातीत ‘छे’. त्यामुळे नवी भाषा कानाला फार परकी वाटत नाही. शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी यांबरोबर ताटात सुरती खाणेही सहज आले. शेजारी उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा, राजस्थानचा. हिंदू आणि मुसलमान दोन्ही. बाजारात सर्वांची मिळून एक सुरती हिंदी तयार झाली.

दाटीची खरी परीक्षा संकटात होते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा काही लाख लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले. खानदेशच्या गाड्या भरभरून धावल्या. कचरा, तुंबलेली गटारे आणि दुर्लक्षित वस्त्या यांचा हिशेब त्या वेळी साऱ्या देशापुढे उघडा झाला. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी सफाईची जबाबदारी विभागवार वाटली आणि अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले. थोड्याच काळात सुरत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात तिने इंदूरसह पहिला क्रमांक मिळविला. ही सुधारणा खरी आहे आणि लिंबायतलाही तिचा लाभ झाला. तरीसुद्धा मीठी खाडीकाठच्या सखल वस्त्यांना पावसाळ्याचे भय उरलेच. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला, की खाडीचे पाणी गल्लीत आणि गल्लीतून घरात शिरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसून आली. मीटरवर मजुरी घेणाऱ्याला माग थांबला, की मिळकत शून्य. अशा वेळी शहरापेक्षा गावचे घरच त्याला आधार वाटते.

या वस्तीपुढील आजचा सर्वांत अवघड प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. एवढ्या भाषांची सोय करणारी नगरे देशात थोडीच असतील. परंतु मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला नोकरी शोधावयाची ती गुजरातेत. गुजराती शाळेत घातले, तर आजोबांचे पत्र त्याला वाचता येत नाही. इंग्रजी शाळेची फी भरावयाची, तर बापाला जादा पाळी करावी लागते. २०२३ साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती विषय सक्तीचा करणारा कायदा संमत केला. त्यातून मराठी माध्यमाच्या मुलाला राज्याची भाषा मिळेल, ही त्याची चांगली बाजू होय. सवलतींचा प्रश्नही असाच आहे. दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मूळ राज्यातील दर्जाच्या आधारे तेथील सवलती मागता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरविले. जात माणसाबरोबर गाडीत चढते. तिच्या भरपाईसाठी दिलेला आधार मात्र सीमेवर उतरतो.

मतदार म्हणून मात्र ही माणसे सुरतेची झाली आहेत. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लिंबायत हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत संगीता पाटील तेथून निवडून आल्या. लिंबायत ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येते, तेथून २००९ पासून निवडून येणारे चंद्रकांत पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. कालपर्यंत भाड्याच्या खोलीत ‘बाहेरचा’ म्हणून राहणाऱ्या समाजाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. परंतु प्रतिनिधित्वाचा कस लागतो तो खात्यातील पाळी किती तासांची आहे, खाडीचे पाणी कोठवर चढते आणि ओट्यावर लेस लावणाऱ्या बाईची नोंद कोणत्या वहीत होते, या साध्या प्रश्नांवर.

आशियातील अनेक मोठी शहरे अशाच वस्त्यांच्या आधारावर उभी आहेत. अशा ठिकाणी रस्ते रुंद करणे, घरे पाडून दूर नवी वसविणे हा उपाय कागदावर नेहमीच नीटनेटका दिसतो. लिंबायतच्या बाबतीत त्याचा विचार करताना, काम आणि घर यांमधील चालत जाण्याजोगे अंतर मोडणार नाही, आणि एकमेकांची हमी घेणारे शेजारी विखुरले जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागेल. मजुरी मिळविण्यासाठी बारा तासांऐवजी आठ तास पुरू लागले, तर खात्यापासून थोडे दूर, थोड्या मोकळ्या जागेत राहणेही या माणसांना शक्य होईल. आणि मग दाटीचा प्रश्न निम्मा तेथेच सुटलेला असेल.