वज्रीवरचा पक्षी आणि बोटीवरचा क्रमांक

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात राजेरजवाड्यांच्या वैभवाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त मान सामान्य घरातल्या वस्तूंना मिळाला आहे. घोड्याच्या आकाराचे अडकित्ते, कुंकवाचे करंडे, लामणदिवे, कुलपं, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी म्हणजे पाय घासायची पितळी वज्री. खालची बाजू खरखरीत आणि वर पकडायला पक्षी. ती घडवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण टाचेची भेग घासण्यासारख्या साध्या कामासाठीही त्याला पक्षी घडवावासा वाटला, हे ती वज्री सांगते आणि सरकारी दप्तर सांगू शकत नाही. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२०च्या सुमारास हा संग्रह सुरू केला. पुढे वस्तू वीस हजारांच्या घरात गेल्या आणि संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव मिळालं. परमुलखात गेलेल्या मराठी माणसांचा इतिहास जपायचा तर तोही याच रीतीनं, एखाद्या झपाटलेल्या संग्राहकाच्या छोट्या खासगी संग्रहालयात जपायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

मॉरिशसचं उदाहरण घ्या. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारबद्ध मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरीकडचे लोकही होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत क्रमांक, वय, उंची, गाव, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातले फोटोही आहेत. वंशजांना आपलं मूळ गाव शोधायला या वह्यांचा मोठा आधार आहे. तरीही त्या मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या. माणूस पळाला तर ओळखता यावा म्हणून टिपलेली ती खूण. तो कोणत्या चालीवर नाचत होता, हे लिहायची कुणाला गरज नव्हती. ते उरलं झाकरी नाचात, गणेशचतुर्थीच्या सार्वजनिक सुट्टीत, आणि तिकडे ‘रोस कारी’ म्हणतात त्या मसाला वाटायच्या पाट्यात.

परदेशी गेलेल्यांच्या अशा आठवणी जपायला हव्यात, हे जपाननं ओळखलं. १९०८ साली ‘कासातो मारू’ बोट कोबेहून ७८१ जणांना घेऊन ब्राझीलला गेली. त्या इतिहासाचं योकोहामात प्रशस्त संग्रहालय आहे. मला मात्र वाकायामा प्रांतातलं मिओ हे मच्छीमारांचं गाव जास्त मोलाचं वाटतं. १८८८ साली कुनो गिहेई तिथून कॅनडाला गेले, मागोमाग गावकरी सामन मासेमारीसाठी स्टीव्हस्टनला पोचले, आणि गावाला ‘अमेरिका-मुरा’ हे नाव पडलं. तिथल्या एका जुन्या घरातच कॅनडाच्या आठवणींचं छोटं संग्रहालय आहे. गेलेल्यांची कथा त्यांनी सोडलेल्या गावातच सांगितली जाते.

यावर आक्षेप येईल की कोकणातला मजूर रिकाम्या हातानं गेला, मग मांडणार काय? पण मॉरिशसला गेलेल्या भारतीयांपैकी सुमारे एक तृतीयांश परतले. परतणारा काही ना काही घेऊन येतो, आणि न परतणाऱ्याच्या मागे घर उरतं. शिवाय तिथे घडलेला पाटा हाही पुरावाच आहे; गावच्या पाट्याशेजारी ठेवला तर काय टिकलं आणि काय बदललं हे डोळ्यांना दिसेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खासगी संग्रह संग्राहकाबरोबर संपतात. बरेचसे संपतातही. मात्र केळकरांनी स्वतः हयात असताना आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. निवड एका माणसाच्या नजरेची राहिली आणि सांभाळायची जबाबदारी सार्वजनिक झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घरात असा संग्रह सुरू करणाऱ्यानं हस्तांतराचा हा करार पहिल्या वस्तूबरोबरच लिहून ठेवावा.