विश्लेषण : मधमाश्या पाळायच्या आहेत? पहिल्या वर्षी मध विसरा!

दिवाळीनंतर हौसेने आणलेली मधपेटी पुढच्या जुलैत उघडावी आणि आत काळपट पोळी, मेणकिड्याची जाळी आणि तळाशी चार मेलेल्या माश्या, एवढेच सापडावे. नव्या मधपाळाच्या वाट्याला हा अनुभव हमखास येतो. ‘माश्या पळून गेल्या’ असे सांगून पेटी माळ्यावर जाते. प्रत्यक्षात माश्या पळून गेलेल्या नसतात, उपासमारीने त्यांना घर सोडावे लागलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये पेटीतला सगळा मध काढून घेतला जातो आणि पावसाळ्यात, बाहेर फुले नसताना, आतही काही उरत नाही. घरचा शुद्ध मध, परसबागेतले वाढलेले परागीभवन आणि समाजमाध्यमांवरचे देखणे व्हिडीओ यामुळे मधमाशीपालनाचा छंद अलीकडे शहरांतही रुजू लागला आहे. मात्र पेटी घरपोच मिळते म्हणून माश्याही सहज टिकतात, असे नाही.

पेटीत कोणती मधमाशी राहते?

महाराष्ट्रात दिसणारी प्रत्येक मधमाशी पेटीत राहत नाही. उंच झाडावर, कड्यावर किंवा इमारतीच्या छज्जाखाली एकच मोठे पोळे लटकवते ती आग्या माशी. ती उघड्यावरच राहते आणि चिडली तर थवाच्या थवा अंगावर येतो. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी माशीही पेटीत टिकत नाही. झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत अंधारात समांतर पोळी बांधणारी सातेरी मात्र लाकडी पेटीत नांदते, कारण पेटी म्हणजे तिच्या दृष्टीने एक नीटनेटकी ढोलीच. सात-आठ पोळी बांधते म्हणून सातेरी, असे सांगितले जाते.

दुसरी पाळीव माशी म्हणजे युरोपियन मेलिफेरा. १९६२ मध्ये हिमाचलमधील नगरोटा बगवान येथे ती भारतात यशस्वीपणे रुजवली गेली. तिची वसाहत मोठी आणि मध सातेरीच्या कित्येक पट. साहजिकच नवख्याचे लक्ष तिच्याकडे जाते. पण तिची भूकही तेवढीच मोठी असते. मोहरी, सूर्यफूल, ओवा, बाभूळ असा फुलोरा शोधत पेट्या ट्रकमधून हलवणाऱ्या व्यावसायिकासाठी ती योग्य आहे. एका जागी दोन पेट्या ठेवणाऱ्याला वर्षातले कित्येक महिने साखर पाजत बसावे लागते. शिवाय वरोआ या परजीवी कोळ्याचा तिला मोठा त्रास होतो. हा कोळी मुळात सातेरीवरचाच. त्यामुळे सातेरी त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकली आहे. ती एकमेकींच्या अंगावरचे कोळी काढून टाकते. घाटमाथा, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातील झाडीच्या भागात छंदासाठी सातेरीच बरी.

डंखाची फारच भीती असेल तर डंखरहित मधमाशी हा तिसरा पर्याय आहे. डासापेक्षा थोडी मोठी, काळसर आणि भिंतींच्या फटींतून राहणारी. मध अगदी थोडा देते, पण गॅलरीतल्या छोट्या लाकडी खोक्यातही राहते.

जागा कशी निवडावी?

पेटी विकत घेण्याआधी एक काम फुकटात करता येते. वर्षभर नाही तर निदान दोन-तीन महिने, घराभोवती किलोमीटरभर फिरून काय फुलते आणि कधी फुलते याची नोंद ठेवायची. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या परिसरात चरते. त्यामुळे आपल्या कुंड्यांत काय आहे यापेक्षा शेजारच्या वस्तीत शेवगा, नारळ, जांभूळ, करंज, चिंच, बोर, लिंबू, निलगिरी आहे का, हे महत्त्वाचे. केवळ हिरवळ आणि बोगनवेल असलेली देखणी सोसायटी माश्यांच्या लेखी दुष्काळी भाग असतो. उलट, जुन्या वाड्यांची, परसात शेवगा असलेली वस्ती त्यांना मानवते.

पेटी सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवावी, प्रवेशद्वार शक्यतो पूर्वेला आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तर नकोच. दारासमोर चार-पाच फुटांवर कुंपण किंवा दाट झुडूप असेल तर माश्या निघतानाच उंच उडतात आणि कोणाच्या डोक्यावर आदळत नाहीत. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. मुंग्यांवर याहून स्वस्त उपाय नाही, फक्त वाट्या कोरड्या पडू द्यायच्या नाहीत.

शहरात शेजाऱ्यांशी आधी बोलावे, पेटी आल्यानंतर नव्हे. भांडण डंखावरून होते तसे पाण्यावरूनही होते. माश्यांना पाणी लागते आणि जवळ नसेल तर त्या शेजारच्या नळावर, टाकीवर जमतात. पसरट परळात खडे घालून रोज पाणी ठेवले की हा प्रश्न बहुतांश सुटतो. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पडणारे पिवळे ठिपके मात्र चुकत नाहीत. ती त्यांची विष्ठा. शेजाऱ्यांकडे पहिली बाटली पोहोचेपर्यंत एवढे ऐकून घ्यावेच लागते.

सुरुवात कधी करावी?

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. रानफुले, बोर आणि रब्बीची पिके यामुळे तेव्हा परागकण भरपूर असतात आणि वसाहत वाढीला लागते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा फुलतो आणि मुख्य मधहंगाम येतो. एप्रिलमध्ये व्हिडीओ पाहून मे महिन्यात पेटी आणणारा थेट पावसाळ्याच्या तोंडावर उभा राहतो.

दोन पेट्यांपासून सुरुवात करावी असे जाणकार सांगतात. एकच असेल तर ती अशक्त आहे की ऋतूच तसा आहे, हे कळत नाही. दुसरी शेजारी असली की तुलना होते, शिवाय एकीची राणी मेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन वसाहत वाचवता येते. वसाहत ओळखीच्या, जवळच्या मधपाळाकडूनच घ्यावी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात संपवल्या. असे रोग माश्यांबरोबर आणि जुन्या पोळ्यांबरोबर प्रवास करतात. याच कारणाने बाजारातला मध माश्यांना कधीही खाऊ घालू नये. झाडावरची वसाहत स्वतः उतरवून पेटीत भरण्याचे धाडस पहिल्या वर्षी नको.

पेटी उघडल्यावर काय पाहायचे?

आजच्या पेटीचे तत्त्व अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. दोन पोळ्यांमध्ये साधारण आठ-नऊ मिलिमीटरची मोकळी जागा ठेवली तर माश्या ती जाण्यायेण्यासाठी मोकळीच ठेवतात. जागा त्याहून जास्त असली तर त्या तिथे पोळे बांधतात, कमी असली तर डिंकासारख्या पदार्थाने बुजवतात. हे अंतर पाळल्यामुळेच चौकट एक-एक करून उचलता येते. म्हणून गावच्या सुताराकडून पेटी करून घेताना दोन-तीन मिलिमीटरचा फरकही चालत नाही. बाकी पेटी साधी असते. खालच्या कोठीत राणी अंडी घालते आणि पिल्ले वाढतात, वरच्या कोठीत मध साठतो.

हंगामात दर आठ-दहा दिवसांनी, ऊन असताना, दहा-पंधरा मिनिटांत तपासणी उरकावी. अंगात फिकट रंगाचे पूर्ण कपडे, डोक्यावर जाळीची टोपी, हातात धुराडे. धुरासाठी नारळाची सुकी शेंडी किंवा गोणपाटाचा तुकडा पुरतो. धुरामुळे धोक्याच्या इशाऱ्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पिण्यात गुंततात, त्यामुळे शांत राहतात. त्या दिवशी अत्तर नको आणि आधी केळेही नको! माशीच्या धोक्याच्या इशाऱ्यातला एक घटक केळ्याच्या वासाचाच असतो.

नवखा माणूस पंधरा-वीस हजार माश्यांमध्ये राणी शोधत पेटी तासभर उघडी ठेवतो. त्याची गरज नसते. चौकट सूर्याकडे पाठ करून धरावी आणि षटकोनी घरांच्या तळाशी पाहावे. प्रत्येक घरात एक, तांदळाच्या कणीहून बारीक, उभे पांढरे अंडे दिसले की काम झाले. अंडे तीन दिवसांत उबते, म्हणजे राणी निदान तीन दिवसांपूर्वी तरी तिथे होती. अंडी नाहीत, अळ्या नाहीत आणि माश्या गुरगुरत आहेत, तर मात्र काळजी करावी.

फुलोरा वाढू लागला आणि पेटी भरली की पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या आकाराची लोंबती घरे दिसतात. नवी राणी तयार होत आहे, जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघणार, याची ही सूचना. त्याआधी जागा वाढवून देणे किंवा वसाहत विभागणे हे दोन मार्ग. पण याची आणि पेटी सोडून जाण्याची गल्लत करू नये. पहिली भरभराटीची खूण आहे, दुसरी हलाखीची. सातेरी दुसऱ्या बाबतीत फार मानी आहे. भूक, मुंग्या, मेणकिडा, कडक ऊन किंवा सतत पेटी उघडणे असह्य झाले की सगळीच्या सगळी वसाहत निघून जाते. वेडा राघू आणि गांधीलमाश्या दाराशी ठाण मांडून बसतात, त्यांच्याकडेही लक्ष हवे. गांधीलमाश्यांसाठी दार अरुंद करता येते.

मध कधी आणि किती?

चांगल्या जागी, चांगल्या वर्षी सातेरीच्या एका पेटीतून पाच ते दहा किलो मध मिळतो. पहिल्या वर्षी मात्र शून्य धरावे आणि मिळाला तर प्रसाद समजावा. मध फक्त वरच्या कोठीतला आणि तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झालेल्या चौकटींतलाच काढावा. उघड्या घरांतल्या मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. मधात २० टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा, असे अन्नसुरक्षेचे मानक आहे. चौकट मधयंत्रात फिरवून मध काढला की पोळे शाबूत राहते आणि माश्यांना परत देता येते. पोळे पिळून काढलेल्या मधात पिल्लांचा रसही उतरतो.

खालच्या कोठीला हात लावायचा नाही. मृगाच्या तोंडावर शेवटची चौकट काढण्याचा मोह होतो, त्याच वेळी थांबायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तोच त्यांचा शिधा. साठा कमी असेल तर साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, न सांडता द्यावा. बाहेर सांडला तर शेजारच्या वसाहतीतल्या माश्या लुटायला येतात. गुळाचा पाक नको, त्याने माश्यांचे पोट बिघडते. पावसाळ्यात रिकामी, जुनी काळी पोळी काढून टाकावीत, कारण मेणकिडा तिथूनच सुरू होतो.

धोका किती?

डंख बसणारच. बसला की नखाने किंवा कडक कार्डाने लगेच खरवडून काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचे, कारण तुटलेली विषपिशवी विष सोडत राहते. त्या जागी सूज आणि खाज येणे सामान्य आहे. पण अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय करत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. अशी ॲलर्जी आधी कधी झालेली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा छंद नको.

माश्यांना आपल्यापासून असलेला धोका याहून मोठा आहे. सकाळी फुलोऱ्यातल्या पिकावर पडलेली कीटकनाशकाची एक फवारणी अख्खी वसाहत आडवी करू शकते. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून फवारणी सूर्यास्तानंतर करून घेता आली तर दोघांचाही फायदा. डाळिंब, सूर्यफूल, कांदा बीजोत्पादन, भोपळावर्गीय वेली यांना माश्या हव्याच असतात.

शिकायचे कुठे?

पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळासाठी दहा दिवसांचे मोफत प्रशिक्षण आणि साहित्यावर ५० टक्के अनुदान अशी तरतूद राहिली आहे. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करायचा. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. प्रशिक्षणाआधी एखादा दिवस अशा गावातल्या मधपाळाच्या मागे उभे राहून तो चौकट कशी उचलतो हे पाहिले, तरी अनेक व्हिडीओंचे काम होते. घरचा मध विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. आणि मध घरचा असो वा विकतचा, एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.