तीन राजवटींचा कैदी

फौजदारी कायदा शिकणाऱ्या मुलांना मधु लिमये हे नाव भेटतं ते खटल्याचं शीर्षक म्हणून. उच्च न्यायालयाने आपला अंगभूत अधिकार कुठवर वापरावा, हा वाद निघाला की वकील आजही ‘मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७७च्या निकालाचा हवाला देतात. हा लिमये म्हणजे इंग्रजांच्या, पोर्तुगीजांच्या आणि स्वतंत्र भारताच्याही तुरुंगात राहून आलेला, बिहारने चार वेळा लोकसभेत धाडलेला पुण्याचा माणूस, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. महाराष्ट्रालाही ते आता धूसरच आठवतं.

जन्म १ मे १९२२चा, पुण्यातला. १९३७मध्ये फर्ग्युसनमध्ये प्रवेश घेतला आणि त्याच सुमारास एस. एम. जोशींच्या समाजवादी वर्तुळात ते ओढले गेले. १९४०मध्ये युद्धविरोधी भाषणांसाठी पकडून धुळ्याच्या तुरुंगात ठेवलं, तेव्हा वय अठरा. शिक्षण तिथेच थांबलं आणि वाचन तिथेच सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही. बेचाळीसला अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली यांच्यासोबत भूमिगत राहून ‘क्रांतिकारी’ हे मराठी पत्र चालवलं. १९४३च्या सप्टेंबरात पकडले गेले ते १९४५च्या जुलैमध्ये सुटले. वरळी, येरवडा, विसापूर असे तुरुंग तेवढे बदलत राहिले.

इथवरची गोष्ट त्या पिढीतल्या पुष्कळांची आहे. स्वातंत्र्य आलं, चळवळ संपली, मग कोणी मंत्रालयात गेलं, कोणी शाळा-संस्था काढल्या, कोणी ताम्रपट भिंतीवर लावला. लिमयांचं वेगळेपण सुरू होतं ते १९४७नंतर.

गोव्यात पोर्तुगीज होतेच. १९५५च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी हद्दीपार गेली. जुलैमध्ये लिमयांनी तुकडी नेली. पोलिसांनी त्यांना इतकं बडवलं की ते गेल्याची वदंता इकडे पसरली. लग्नाला तीनच वर्षं झालेल्या चंपाताईंनी आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनी ते दिवस कसे काढले असतील! पाच महिने पोलीस कोठडी, मग डिसेंबरात लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची सजा सुनावली. त्यांनी बचाव केला नाही की अपील केलं नाही. त्या न्यायालयाचा अधिकारच मान्य नव्हता, तिथे बचाव कसला? १९५७मध्ये सुटका झाली. सजा पुरी भोगावी लागली असती, तर १९६७चा डिसेंबर उजाडला असता. प्रत्यक्षात त्या साली ते दुसऱ्यांदा लोकसभेवर निवडून आलेले होते, संयुक्त समाजवादी पक्षाच्या संसदीय गटाचे नेते होते.

निवडून आले ते मुंगेरमधून. मराठी माणसाला गंगाकाठच्या मतदारांनी १९६४च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६७मध्ये आपला मानलं. १९७१मध्ये हरले, तर १९७३मध्ये शेजारच्या बांकाने निवडलं आणि १९७७मध्ये पुन्हा. जातीचं पाठबळ नाही, पैसा नाही, हिंदी शिकलेली. लोहियांनी उभ्या केलेल्या बिगरकाँग्रेसवादाचा तो काळ होता, त्या लाटेचा हात त्यात होताच. तरी लाट माणसाला एकदा निवडून आणते. चार वेळा येणाऱ्याला आणखी काही कमवावं लागतं.

संसदेत त्यांनी काय केलं, हे सांगणं जरा अवघड, कारण त्यांच्या नावावर धरण नाही, कारखाना नाही. त्यांच्या नावावर आहे ती सरकारला वाटणारी धास्ती. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं आणि हक्कभंग, स्थगन, हरकतीचा मुद्दा ही हत्यारं ते एखाद्या निष्णात वकिलासारखी परजत. माझ्या मते ही सवय तुरुंगातली. कैद्याला नियमाखेरीज आधार नसतो.

१९६८चा प्रसंग पाहा. ६ नोव्हेंबरला मुंगेरजवळच्या लखीसराय स्टेशनवर खासदार लिमये आणि त्यांचे सहकारी पकडले गेले. अटकेचं कारण सांगितलं नाही. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि ते पत्रच याचिका ठरलं. पुढे न्यायालयात बाजूही स्वतःच मांडली. अटक झालेल्याला कारण कळलंच पाहिजे, ही संविधानाच्या बाविसाव्या कलमातली हमी न्यायालयाने काटेकोर वाचली आणि डिसेंबरात सगळ्यांना सोडलं. पोलिसांनी उचललेल्या कोणाही सामान्य माणसाच्या वकिलाला तो निकाल पुढे उपयोगी पडत राहिला. पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला मोठं वाटतं.

आणीबाणीत, जुलै १९७५मध्ये, ते पुन्हा आत गेले, या खेपेला मध्य प्रदेशात. १९७६मध्ये पाच वर्षांची मुदत संपत आलेल्या लोकसभेचं आयुष्य सरकारने वाढवलं. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलं आहे, सहाव्या वर्षावर आपला हक्क नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी तुरुंगातून राजीनामा दिला. तरुण शरद यादवांनीही दिला. विरोधी बाकांवरच्या बहुतेकांनी नाही दिला.

१९७७मध्ये जनता पक्षाची सत्ता आली. ते मंत्रिमंडळात गेले नाहीत, पक्षाचे सरचिटणीस झाले. पुढचं वर्ष महत्त्वाचं, विशेषतः आजच्या महाराष्ट्रात बसून वाचताना. १९७८मध्ये आपल्याच सरकारने पक्षांतरबंदीचं विधेयक आणलं, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत लिमये पुढे होते. पक्षादेशाच्या धाकाने खासदाराची सदसद्विवेकबुद्धी बांधली जाईल आणि घाऊक फूट मोकळीच राहील, हा त्यांचा आक्षेप होता. विधेयक मागे घेतलं गेलं. १९८५मध्ये राजीव गांधींनी तसा कायदा केलाच, तेव्हाही त्यांनी लेखणी चालवली. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पक्ष, चिन्ह आणि आमदार ज्या रीतीने एकगठ्ठा इकडून तिकडे गेले, ते पाहता त्यांचे लेख कोणीतरी पुन्हा छापायला हवेत.

आता बोचरी बाजू. १९७९मध्ये दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे जनता पक्षात राहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही बांधिलकी ठेवण्याचा, प्रश्न त्यांनी लावून धरला. जुलैमध्ये मोरारजींचं सरकार गेलं आणि लिमयांना ‘सरकार पाडणारा’ ही उपाधी चिकटली. प्रश्न खरा होता, यात मला शंका नाही. पण ज्या चरणसिंगांच्या पारड्यात त्याचं माप पडलं, त्यांची घाई तत्त्वाची नव्हती, आणि हे लिमयांसारख्या माणसाला दिसत नसेल असं कसं म्हणावं? सहा महिन्यांत इंदिरा गांधी परतल्या. १९८०मध्ये बांकानेही त्यांना नाकारलं. पहारेकरी म्हणून त्यांना तोड नव्हती. घर सांभाळणं ही वेगळी कला आहे, ती त्यांना साधली नाही.

१९८२मध्ये त्यांनी सक्रिय राजकारण सोडलं आणि दिल्लीत लिहीत बसले. मराठी, हिंदी, इंग्रजी मिळून साठच्या आसपास पुस्तकं, त्यांत जनता प्रयोगाची झाडाझडतीही आली. ८ जानेवारी १९९५ रोजी ते गेले. स्वातंत्र्यसैनिकाचं निवृत्तिवेतन त्यांनी घेतलं नव्हतं, आणि माजी खासदाराचंही नाही.