समजून घ्या : कमी पैशांत चांगली रेड वाइन कशी निवडायची?

वारूळवाडी-नारायणगाव पट्ट्यात काळ्या द्राक्षांना तोटा नाही. हंगामात जम्बो द्राक्षांच्या पेट्या इथून परदेशी जातात. मग रेड वाइन महाग का आणि स्वस्त बाटली अनेकदा सरबतासारखी गोड का लागते?

द्राक्ष तेच नव्हे

जम्बो, शरद सीडलेस ही खाण्याची द्राक्षे. त्यांचा मणी टपोरा, गर भरपूर आणि त्या मानाने साल कमी. रेड वाइनला रंग येतो तो सालीतून, तुरटपणा साल आणि बियांतून. म्हणून वाइनसाठी शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों, झिनफंडेल अशा बारीक मण्यांच्या जाती लावतात आणि वेलीवर माल मुद्दाम कमी ठेवतात.

यात शेतकऱ्याची जोखीम मोठी. वाइनरी थांबली, तर ही बारीक, बियांची द्राक्षे मंडईत कोण घेणार? शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावात ‘शातो इंडाज’ उभी केली. तिची ‘ओमर खय्याम’ ही फसफसती वाइन परदेशातही गेली. २००८च्या मंदीनंतर मात्र कंपनी कर्जाखाली कोलमडली.

देशी की परदेशी?

बजेट सहाशे-सातशे रुपयांचे असेल, तर सरळ महाराष्ट्रातली बाटली घ्या. राज्याच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने इथल्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली. आयात वाइनवर मात्र वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले. डिसेंबर २०२२मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलिया करारातही ५ डॉलरपेक्षा कमी आयात किमतीच्या बाटलीला सूट नाही. थोडक्यात, स्वस्तातली परदेशी बाटली घेताना पैसे वाइनपेक्षा कराचेच जास्त जातात.

लेबलवर काय पाहायचे?

सर्वांत स्वस्त फळीवर बहुधा ‘पोर्ट’ असते. ती गोड असते. आवडत असेल तर जरूर घ्या, पण जेवणाबरोबरची रेड वाइन ती नव्हे. लेबलवर ‘ड्राय’ शब्द आणि द्राक्षाच्या जातीचे नाव शोधा. मटणाच्या रश्श्याबरोबर शिराझ चांगली जमते. तिखटाचे प्रमाण जास्त असेल तर कमी तुरट, फळांच्या चवीची वाइन बरी, कारण तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात.

मग साल पाहा. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे या किमतीला लागू नाही. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत संपवावी अशीच ही वाइन बनवलेली असते. फिरकीचे झाकण दिसले म्हणून नाक मुरडू नका. बुचामुळे येणारा कुबट वास त्यात टळतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दुकान. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी नको. उन्हाळ्यात तापलेल्या वाइनची चव शिजवलेल्या फळासारखी होते. खप जास्त असलेल्या दुकानातून, आतल्या थंड फळीवरची घ्या.

घरी आणल्यावर पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ‘रूम टेंपरेचर’ म्हणतात ते युरोपातले, १६ ते १८ अंशांचे; जुन्नरच्या मे महिन्यातले नव्हे. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्येच ठेवा, तीन-चार दिवस टिकते. एकट्यासाठी ३७५ मिलीची बाटली मिळत असेल तर तीच पुरे.