औंढ्याच्या यंत्राचं उघडं दालन

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही जी वेधशाळा उभी राहायची आहे, ती संशोधकांच्या संगणकांवर आधीच कामाला लागली आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक छोटी खूण असते. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांपैकी हॅनफर्डचं एच१, लिव्हिंगस्टनचं एल१, इटलीतल्या व्हर्गोचं व्ही१, जपानच्या कागराचं के१. औंढ्याच्या यंत्रासाठी शोधनिबंधांत ए१ ही खूण वापरली जाते. अक्षांश सुमारे १९.६ अंश उत्तर, रेखांश सुमारे ७७ अंश पूर्व, काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. एवढी माहिती गणितात घालून अभ्यासक विचारतात, की दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली आणि औंढ्याचं यंत्रही जागं असलं, तर आकाशातली ती जागा किती नेमकी सांगता येईल? उत्तर दर वेळी एकाच दिशेचं येतं: आजच्यापेक्षा बरीच नेमकी. अमेरिकेतली दोन यंत्रं एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत, आणि भारतातलं यंत्र त्या दोघांपासून पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असणार आहे. लहर कुठे आधी पोचली आणि कुठे नंतर, यातला मिलिसेकंदांचा फरकच दिशा सांगतो. यंत्रांमधलं अंतर वाढलं की तो फरक मोठा होतो.

हे गणित ज्या संगणकप्रणालींवर होतं त्यांतल्या बहुतेक मुक्त स्रोताच्या आहेत. हिंगोलीतला बीएस्सीचा विद्यार्थी त्या आज रात्री, एक पैसाही न देता, आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकतो. लायगो-इंडियाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात २,६०० कोटी रुपयांचा आकडा असतो, जमीन असते, पंतप्रधानांनी ११ मे २०२३ रोजी केलेली पायाभरणी असते. या उघड्या दालनाचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. माझ्या मते जिल्ह्यातल्या मुलांसाठी सगळ्यात जवळची वाट तिथूनच जाते.

यंत्राची ओळख थोडक्यात करून घेऊ. लेझरचा एक झोत दोन भागांत विभागून काटकोनातल्या दोन निर्वात नळ्यांतून पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही झोत पुन्हा एकत्र करायचे. गुरुत्वीय लहर जाताना एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि प्रकाशाच्या मिळणीत फरक पडतो. हा बदल भुजेच्या लांबीला एकावर एकवीस शून्यं इतक्या संख्येने भागून येईल एवढा असतो. प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली असताना, अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांनी असा बदल पहिल्यांदा टिपला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, सव्वा अब्जाहून अधिक प्रकाशवर्षं दूर. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जगाला सांगितली गेली, आणि आठवडाभरातच, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण मंजुरी यायला ६ एप्रिल २०२३ उजाडला. पुण्याचं आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय मिळून हे काम करत आहेत.

आरशांपासून लेझरपर्यंत सगळं जमून आलं तरी हाती काय येतं? सेकंदाला १६,३८४ आकडे. त्यात ट्रकची धडधड असते, समुद्राच्या लाटांनी हलणारी जमीन असते, विजेच्या तारांचं गुणगुणणं असतं, आणि क्वचित कधी, खोल तळाशी, एखादं खरं स्पंदन असतं. ते वेगळं काढण्याची मुख्य रीत म्हणजे जुळवणी: अपेक्षित लहरीचे आकार आधी गणिताने काढून ठेवायचे आणि येणाऱ्या आकड्यांवर एकेक आकार सरकवत पाहायचं, कुठे जुळतो ते. या रीतीच्या पायाभरणीत पुण्याचा वाटा मोठा आहे. आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली, यंत्रं उभी राहण्याच्या कितीतरी आधी, किती आणि कसे आकार लागतील याचा हिशेब मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी गुरुत्वीय लहरींवर आयुष्य घालवणं म्हणजे मोठंच धाडस होतं. धुरंधरांनी ते केलं आणि विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली.

तो हिशेब पुढे सॉफ्टवेअरमध्ये उतरला. लायगोच्या मूळ प्रणालींचा संच ‘लालसूट’ या नावाने ओळखला जातो आणि तो जीपीएल परवान्याखाली उपलब्ध आहे. म्हणजे कुणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा. बदललेली प्रणाली दुसऱ्याला दिली तर तीही तशीच खुली ठेवावी. ‘पायसीबीसी’ आकार जुळवते, ‘बिल्बी’ कृष्णविवरांचं वस्तुमान आणि अंतर काढायला मदत करते, ‘जीडब्ल्यूपाय’ने आलेख काढता येतात. यांतल्या प्रत्येकीचा मूळ कोड जालावर आहे. कुणाला चूक दिसली तर तो ती नोंदवतो, दुरुस्ती सुचवतो, दुसरं कुणी ती तपासतं आणि मगच ती मूळ प्रणालीत जाते. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद राहते. निष्कर्षावर विश्वास ठेवायचा तर त्यामागचं गणित ओळीओळीने तपासता आलं पाहिजे, ही भूमिका मला विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचं फार मोठं रूप वाटते.

पण कोड खुला आहे एवढ्याने माणसं येत नाहीत. कोडच्या ढिगाऱ्यासमोर नवखा माणूस गोंधळून परत जातो. त्याला यायला एक जागा लागते. ती जागा लायगोच्या लोकांनी कशी आखली, हे मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेतल्या एका छोट्या गटाने ‘लायगो ओपन सायन्स सेंटर’ नावाचं संकेतस्थळ उभारलं आणि २०१४ मध्ये त्यावर पहिला मोठा डेटा ठेवला. तो होता २००५ ते २००७ या काळातल्या निरीक्षणांचा. त्यात एकही गुरुत्वीय लहर सापडलेली नव्हती.

काहीच न सापडलेला डेटा जगासमोर का ठेवायचा? कारण खरा शोध लागेल त्या दिवशी येणाऱ्या लोकांसाठी घर तयार असायला हवं होतं. फाईल कोणत्या स्वरूपात द्यायची, नाव कसं ठेवायचं, यंत्र बिघडलेलं असतानाचे क्षण कसे दाखवायचे, धडे कुठून सुरू करायचे, हे सगळं त्या शांत काळात पारखून घेता आलं. प्रत्येक फाईल ४,०९६ सेकंदांची. आकडे सेकंदाला ४,०९६ या सोप्या दराने दिलेले, म्हणजे साधा संगणकही ते पेलेल. कोणता सेकंद विश्वासार्ह आणि कोणता नाही, याच्या खुणा आकड्यांसोबतच जोडलेल्या. यंत्राची परीक्षा घेण्यासाठी आरसे मुद्दाम हलवून घुसवलेल्या खोट्या लहरींची यादीही दिलेली.

या खोट्या लहरींची एक गोष्ट सांगायलाच हवी. १६ सप्टेंबर २०१० रोजी यंत्रांत एक ठळक स्पंदन दिसलं. मृग नक्षत्राशेजारच्या बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने ते आल्यासारखं वाटत होतं, म्हणून त्याला ‘बिग डॉग’ म्हणू लागले. शेकडो माणसांनी कित्येक महिने त्यावर काम केलं, निबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर उत्तराचा बंद लिफाफा उघडला गेला आणि कळलं, की ते स्पंदन मोजक्या माणसांनी गुपचूप घातलेलं होतं. आपली माणसं, आपली रीत खरोखर चालते का, हे पाहण्यासाठी. पुढे त्या काळातला डेटा खुला झाला तेव्हा हे स्पंदनही नोंदीसह त्यात होतं. कुणीही ते शोधून पाहावं.

ही सगळी तयारी आधीच झालेली होती, म्हणूनच ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला त्याच दिवशी त्या घटनेचे आकडे आणि ते सोडवून दाखवणारा धडा लोकांच्या हाती होता. धडा पायथॉन भाषेत, पायरीपायरीने: फाईल उघडा, गोंगाट चाळा, आकार जुळवा, आवाज ऐका. पुढे व्हर्गो आणि कागरा सोबत आले तसं केंद्राचं नाव ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’ झालं. २०१८ पासून त्याच्या कार्यशाळाही होतात.

दार उघडं ठेवलं की टीकाकारही आत येतात. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या काही अभ्यासकांनी हाच खुला डेटा घेऊन शंका काढली: दोन यंत्रांतल्या गोंगाटातच साम्य दिसतं आहे, मग शोध खरा कशावरून? उत्तर देणाऱ्यांनी आपलं गणित कोडसकट मांडलं, इतर गटांनी तेच आकडे घेऊन स्वतंत्रपणे तपासणी केली, आणि ती शंका टिकली नाही. लायगो-व्हर्गोच्या लोकांनी मग यंत्रातल्या गोंगाटाची सविस्तर मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. वाद झाला हे चांगलंच झालं. त्यामुळे पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती मार्गदर्शिका मिळाली.

शंकेइतकीच भरही बाहेरून आली. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमधला एक छोटा गट लायगोचा सदस्य नव्हता. तेजस्वी वेणुमाधव त्यातले एक. या गटाने खुला डेटा स्वतःच्या रीतीने चाळला आणि २०१९ मध्ये कृष्णविवरांच्या आणखी सहा विलीनीकरणांचा दावा मांडला. यंत्र उभारणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं काही बाहेरच्या माणसाला सापडू शकतं, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आणि यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागतेच असंही नाही. ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या प्रकल्पात सामान्य माणसं यंत्रातल्या गोंगाटाची चित्रं पाहून त्यांची वर्गवारी करतात. स्वयंसेवकांनी तिथे आधी कुणाच्या लक्षात न आलेले नवे प्रकार ओळखले. एकाच्या आकारावरून त्याला ‘कबुतरांची जोडी’ असं नाव मिळालं. हॅनफर्डला एकदा यंत्रात विचित्र टकटक दिसू लागली. शोध घेतल्यावर कळलं, की बाहेरच्या थंड नळीवर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत आहेत. अशा गोष्टी तिथले लोक रोजच्या नोंदवहीत लिहितात, आणि ती नोंदवहीही जालावर कुणालाही वाचता येते. उद्या औंढ्यालाही अशीच नोंदवही असेल. पावसाळ्यातला गडगडाट, उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ, जमिनीचे छोटे हादरे, सगळं त्यात येईल. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीला ४.५ तीव्रतेचे भूकंप जाणवले होते. इथली जमीन कशी वागते हे इथल्या माणसांइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून मला वाटतं, यंत्राबरोबरच त्याच्या मराठी दालनाची आखणीही आतापासून व्हावी. लायगोच्या शोधांचे काही सारांश मराठीत झाले आहेत, आयुकाची माणसं शाळांतून जातात. तो पाया आहेच. त्यापुढे जायचं तर धडे हवेत, चालवून पाहता येणारे. पहिल्या शोधाची ३२ सेकंदांची फाईल घ्या. सेकंदाला ४,०९६ याप्रमाणे १,३१,०७२ आकडे, आकार जेमतेम १ एमबी. सेनगाव किंवा कळमनुरीच्या मोबाईल नेटवर्कवरही ती उतरते. ब्राउझरमध्येच चालणारी पायथॉनची वही वापरली तर काहीही बसवावं लागत नाही. प्रत्येक ओळीखाली मराठीत खुलासा असावा आणि धड्याच्या शेवटी प्रश्न विचारायला जागा असावी. तिथे मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळावं, आणि ते पुढच्यासाठी जपून ठेवलं जावं.

त्या जागेची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरायला हवं. उद्घाटनाच्या उत्साहात सुरू झालेली आणि दोन वर्षांत कुणी फिरकत नसलेली संकेतस्थळं आपण खूप पाहिली आहेत. पगारी माणूस निदान एक तरी हवा, ज्याचं काम धडे नवे ठेवणं आणि दुरुस्त्या स्वीकारणं हेच असेल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हिंगोली जिल्हा येतो. तिथल्या महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना धडा लिहिण्याचं, तपासण्याचं काम प्रकल्प म्हणून देता येईल. मजकूर खुल्या परवान्यावर असावा, जसा मूळ डेटा आहे, म्हणजे परभणीच्या शिक्षकाला तो छापून वर्गात वाटता येईल. आणि पहिला धडा अशा डेटाचा असावा ज्यात काहीच सापडलेलं नाही. गोंगाट कसा दिसतो हे विद्यार्थ्याने आधी नीट पाहावं, त्यात लपवलेली खोटी लहर स्वतः हुडकावी, आणि मगच १४ सप्टेंबर २०१५ च्या फाईलकडे वळावं.